बंदर दूर आहे, पण रिकामा कंटेनर कुठे आहे?

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आमचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग आहे. गाठी व्हिएतनाम आणि बांगलादेशाला पाठवायचा विचार आहे. दीर म्हणतात, भिवंडीत गोदाम घेऊ, बंदर जवळ पडेल. समृद्धी महामार्ग असताना गोदामाची गरज आहे का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, गोदामाचा इसार इतक्यात देऊ नका.

समृद्धीने मोठा फरक पडलाय. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे 701 किलोमीटर. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि कसारा घाट टळला. मी क्लिअरिंगच्या, म्हणजे मालाचं कस्टम्सचं काम करून देण्याच्या धंद्यात होतो तेव्हा घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागे रांग लागायची. बंदराची कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल घेण्याची शेवटची वेळ, कुणासाठी थांबत नाही. जहाज चुकलं की पुढच्या जहाजापर्यंतचा खर्च निर्यातदाराच्या माथी.

तरीही तुमचा खर्च अंतरापेक्षा कंटेनरवर जास्त ठरेल. कंटेनर शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा असतो आणि आयातीचा माल जिथे उतरतो तिथेच तो रिकामा होतो. विदर्भात आयात कमी. जवळ रिकामा नसला की तो मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून मागवायचा, म्हणजे येतानाचं भाडंही तुमच्याच गाठींवर. म्हणून आधी नागपूरच्या इनलँड कंटेनर डेपोत, म्हणजे बंदरापासून दूर असलेल्या कंटेनरच्या तळावर जा. तुमच्या लाइनचे चाळीस फुटी कंटेनर नेहमी मिळतात का, ते विचारा. मिळत असतील तर कस्टम्स तिथेच उरकतं, सील लागतं आणि पेटी रेल्वेने थेट बंदराला जाते.

भिवंडीत गाठी उतरवून पुन्हा चढवाव्या लागतील. 170 किलोची गाठ हमाल हूक लावूनच ओढतात; वेष्टण फाटतं, कापूस मळतो. त्यात कोकणपट्टीचा पावसाळा! कोरड्या हवेत बांधलेला माल त्या दमटपणात महिनोन्‌महिने ठेवायला माझं मन धजत नाही.

बांगलादेशाचा विचार वेगळा करा. नागपूरला मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे पूर्वेची वाट तुम्हाला मुंबईकरांपेक्षा जवळची. मात्र सीमेवरचे नियम बदलतात. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीमार्गे आयात थांबवली होती. गाठींना त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे सौद्याआधी खरेदीदाराकडून लेखी घ्या.

आता दोन दरपत्रकं मागवा : एक तुमच्या जिनिंगच्या दारात कंटेनर भरून, दुसरं नागपूर डेपोतून रेल्वेने. दोन्हींत रिकाम्या कंटेनरचं भाडं वेगळं लिहून मागा. ते कागद हातात आले की दिरांसोबत बसा.