वाचकांचे प्रश्न : ‘लिबेर्तीन’ ऐकताना, बघताना आणि तसं चित्रण करताना

मिलेन फार्मर या फ्रेंच गायिकेच्या १९८६ सालच्या ‘लिबेर्तीन’ (स्वैर स्त्री) या गाण्यावर मागच्या अंकात एक टिपण आलं होतं. लोराँ बुतोना यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा जवळपास अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहून वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी फ्रेंच शिकते आहे. व्हिडिओत पिस्तुलं, वाडेवजा महाल, स्नानगृह, शेवटी रक्त. गाणं मात्र नाचावंसं वाटणारं. मग याला काळोखं गाणं का म्हणतात? (पुणे)

एकदा व्हिडिओ बंद करून नुसतं गाणं ऐका. झाँ-क्लोद देकेआँ यांची ही चाल मुळात ‘आमूर तुती फ्रुती’ असं खेळकर नाव असलेल्या गाण्यासाठी केलेली होती. बुतोनांनी तिच्यावर नवे शब्द लिहिले. ठेका आणि शब्द वेगवेगळ्या दिशांना ओढतात असं तुम्हाला वाटलं, त्याचं कारण हेच. गाण्याची सुरुवातच चंद्राच्या राखेने होते, आणि पहिल्या अल्बमचं नावही (‘सांद्र द ल्यून’, म्हणजे चंद्राची राख) त्याच शब्दांवरून आलं आहे. पुढे प्रियकर झोपलेला आहे आणि ही जागीच, पहाटेची वाट बघत. त्याचे ओठ दूर झाल्यावर उरलेली कडू चव तिला आठवण करून देते, की आपण स्वर्गात आहोत.

ध्रुवपदाची पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते : मी स्वैर आहे, मी वेश्या आहे. तिच्या लगेच पुढची ओळ बरेच जण ऐकतच नाहीत : मी फार नाजूक आहे, कुणीतरी माझा हात धरा. आमच्या मते गाण्याचा सगळा अंधार या दुसऱ्या ओळीत आहे. व्हिडिओ बघताना ती मनात ठेवली, तर शेवटचा गोळीबार नुसता खळबळजनक वाटत नाही. आवाजाकडेही लक्ष द्या. मिलेन इथे छातीतून, ठणठणीत गात नाही. वरच्या पट्टीत, श्वास मिसळून, जवळजवळ कुजबुजते. ‘मी वेश्या आहे’ हे शब्द त्या आवाजात बढाईसारखे लागत नाहीत, कबुलीसारखे लागतात.

प्रश्न : एकाच नावाखाली साडेतीन मिनिटांचं गाणं, अकरा मिनिटांचा व्हिडिओ आणि दुसऱ्याच बाईच्या आवाजातलं वेगवान गाणं सापडलं. मूळ कोणतं? (नाशिक)

पहिली दोन्ही मूळच. साडेतीन मिनिटांच्या आसपासचं ते रेकॉर्डवरचं गाणं. व्हिडिओत बुतोनांनी त्याच्या आधी, मध्ये आणि नंतर गोष्ट घातली : संवाद, शांतता, वेगळं पार्श्वसंगीत, घोड्यांच्या टापा. त्यामुळे व्हिडिओतून काढलेला ऑडिओ ऐकत असाल तर तो गाण्यासाठी कुचकामी आहे. वेगवान नाचगाणं बेल्जियमच्या केट रायनचं, २००३ सालचं. मिलेनच्या स्वतःच्या मैफलींतल्या आणि रीमिक्स आवृत्त्याही भरपूर आहेत. गोंधळ नको असेल तर १९८६चा ‘सांद्र द ल्यून’ हा अल्बम किंवा २००१चा ‘ले मो’ हा निवडक संग्रह शोधा.

प्रश्न : १९८६ मध्ये संपूर्ण नग्नता असलेला व्हिडिओ टीव्हीवर दाखवला तरी कसा? बंदी आली नाही? (मुंबई)

आधी काळ लक्षात घ्या. फ्रान्समध्ये ‘टॉप ५०’ ही विक्रीवर आधारलेली क्रमवारी नोव्हेंबर १९८४ मध्ये कानाल प्लुस वाहिनीवर सुरू झाली. टीव्ही-सिस ही संगीताला वाहिलेली वाहिनी मार्च १९८६ मध्ये आली आणि वर्षभरात तिच्या जागी एम-सिस आली. एकाएकी व्हिडिओंना प्रचंड जागा मिळाली, पण ती तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांची. बुतोनांनी उलट केलं. अठराव्या शतकातली कथा, फेरिएर आणि ब्रू इथले महाल, आणि पहिला खेळ जून १९८६ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझेवरच्या चित्रपटगृहात. सिनेमा म्हणून आलेल्या कृतीकडे लोक सिनेमाच्याच नजरेने पाहतात, आणि वर्तमानपत्रांतही तिची दखल तशीच घेतली जाते. टीव्हीवर बहुतेकदा कापून छोटी केलेली आवृत्ती चाले. गाणं क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत गेलं. मिलेनचे लाल केसही याच वेळचे, ते पुढे तिची ओळख झाले.

नग्नतेवर खूप लिहिलं गेलं, पण व्हिडिओतली सर्वांत धीट गोष्ट पहिल्याच दृश्यात आहे. पिस्तुलाच्या द्वंद्वात उभी असलेली बाई आहे आणि ती पुरुषाला मारते. मेलेला माणूस तिच्या प्रतिस्पर्धी स्त्रीचा प्रियकर असतो. ही प्रतिस्पर्धी सोफी तेलिएने साकारली आहे. तिथून पुढचं सगळं त्या एका गोळीचं देणं आहे : स्नानगृह, जुगाराची बैठक, शय्यागृह, दोन बायकांची मारामारी, आणि शेवटी पळून जाणाऱ्या जोडप्यावर झाडीतून झालेला हल्ला. नग्नता अधेमधे येते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मृत्यू आहे.

खरी अडवणूक पुढे झाली. दृकश्राव्य माध्यमांवर देखरेख करणारी सेएसआ ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली (२०२२ पासून ती आर्कोम या संस्थेत विलीन आहे). १९९२ मधल्या ‘बियाँड माय कंट्रोल’ या गाण्याच्या व्हिडिओवर, त्यातल्या रक्तामुळे आणि कामुक दृश्यांमुळे, तिची कात्री चालली. १९९९ मध्ये ‘झ त राँ तों-आमूर’चा व्हिडिओ आला, दिग्दर्शक फ्रान्स्वा हान्स. त्यात चर्चमध्ये एक अंध तरुणी, कबुलीची खोली आणि रक्त आहे. वाहिन्यांनी तो पूर्ण दाखवायला नकार दिल्यावर व्हिडिओची कॅसेट वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकायला ठेवली गेली आणि उत्पन्न एड्सविरोधी कामाला दिलं गेलं. दोन काळांतला फरक असा की १९८६ मध्ये शरीर चाललं, १९९९ मध्ये धर्मस्थळातलं रक्त चाललं नाही.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाला एका जुन्या वाड्यात याच धर्तीचं पाच मिनिटांचं चित्रण करायचं आहे. मेणबत्त्यांचा उजेड, द्वंद्व, रक्त. पैसे थोडे. काय काय सांभाळायचं? (कोल्हापूर)

बुतोनांच्या डोळ्यांसमोर स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५चा ‘बॅरी लिंडन’ होता हे पाहताक्षणी कळतं. त्यात मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं एफ/०.७ इतक्या उघड्या (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो) झाइस कंपनीच्या भिंगाने टिपली होती, आणि मेणबत्त्या तीन-तीन वातींच्या होत्या. असं भिंग तुम्हाला मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही.

एफ/१.८चं ५० मिमी भिंग भाड्याने घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२००. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राची छटा ठरवणारी जुळणी) स्वयंचलित ठेवू नका, हाताने २२०० ते २५०० केल्विनवर बांधा. स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा पिवळेपणा पुसून टाकतो आणि चेहरे ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे दिसतात. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर या भिंगाने एक मीटरवरचा चेहरा टिपला, तर जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. नटाने मान पुढे केली की डोळे धूसर. म्हणून अशा दृश्यांत पात्रं बसवा, खुर्चीच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि हालचाल हातांना व नजरेला द्या. चालायचं असेल तर नट कॅमेऱ्यासमोर आडवा चालवा, कॅमेऱ्याकडे नको.

उजेड कमी पडतोच. मेणबत्त्यांच्या मागे, चौकटीबाहेर, पितळी परात किंवा आरसा ठेवा. कॅमेऱ्याच्या बाजूने २७०० केल्विनचा एक एलईडी दिवा पांढऱ्या सुती चादरीआडून द्या, पण इतकाच की मेणबत्तीची सावली पुसली जाणार नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे दिसत नाहीत. मेणबत्त्या फक्त प्रत्यक्ष चित्रण चालू असेल तेवढ्यापुरत्या पेटवा. दुपारी चारचा शॉट आणि सहाचा शॉट एकत्र जोडताना त्यांची उंची बदललेली असते, आणि तो दोष संकलनात झाकता येत नाही. दोन-तीन उंचींचे वेगळे संच आधीच कापून ठेवा. पंखे बंद. लाकडी छत, विग आणि केसांचा स्प्रे एकत्र येतात तिथे कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, वाळूची बादलीही. पेटलेल्या मेणावर पाणी टाकू नका, ते उसळून पसरतं.

गाणं ओठांवर हवं आणि हालचाल संथ हवी असेल, तर ५० फ्रेमवर चित्रण करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. नंतर २५ फ्रेमवर आणलं की ओठ जुळतात. त्यासाठी शटर १/१०० लागतं, म्हणजे उजेड निम्मा होतो आणि आयएसओ दुप्पट करावा लागतो. मेणबत्तीच्या दृश्यात हे परवडत नाही, बाहेरच्या दृश्यांसाठी ठेवा. नटीने खरोखर मोठ्याने गायला हवं. नुसते ओठ हलवले तर गळा आणि श्वास खोटे पडतात आणि जवळच्या शॉटमध्ये लगेच कळतं.

द्वंद्वात सगळे एकच चूक करतात : पिस्तूल भराभर झाडतात. त्या काळचं गारगोटीचं पिस्तूल एका वेळी एकच गोळी मारतं. चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर आपटते, बाहेरच्या वाटीतली दारू भडकते, मग नळीतली. त्यामुळे चाप आणि बार यांच्यामध्ये क्षणभर अंतर पडतं, आणि नंतर पांढऱ्या धुराचा लोट उठतो. हा क्षणच तुमचं नाट्य आहे, तो संकलनात कापू नका. खरं किंवा फेरफार केलेलं शस्त्र आणू नका. लाकडी किंवा रेझिनची प्रतिकृती घ्या, धूर आणि ठिणगी संगणकावर टाका, नेम शरीराच्या थोडा बाजूला धरा. उघड्यावर चित्रण असेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

रक्तासाठी बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, पाणी ५० मिली, खाण्याचा लाल रंग अर्धा छोटा चमचा, कोको पावडर पाव ते अर्धा चमचा. कोको नसेल तर पांढऱ्या कपड्यावर सरबत सांडल्यासारखा गुलाबी डाग दिसतो. मेणबत्तीच्या उजेडात मात्र कोको कमीच घाला, नाहीतर रक्त काळं येतं. थोडं ग्लिसरीन घातलं की लवकर सुकत नाही. सुती कपड्यावरचा डाग जात नाही, तेव्हा एकाच पोशाखाचे दोन नग शिवा आणि रक्ताचा शॉट दिवसाच्या शेवटी घ्या. साखरेमुळे मुंग्या येतात, नटांना जमिनीवर फार वेळ झोपवू नका.

स्नानगृहाचं दृश्य नग्नतेशिवायही होतं : पाठ, ओले केस, वाफ, पडदा. तिथे नटीची लेखी संमती आणि सेटवर मोजकीच माणसं, यात तडजोड नको.

प्रश्न : महाविद्यालयाच्या फ्रेंच गीतस्पर्धेत हे गाणार आहे. उच्चार सुधारायला वेळ थोडा आहे. (मडगाव)

तुमच्या बाजूने मोठी गोष्ट ही, की फ्रेंच त, द, प, क आपल्यासारखेच आहेत : त आणि द दातांना जीभ लावून, आणि त, प, क श्वास न सोडता. इंग्रजी वळणाचा ट मनातून काढा. ‘लिबेर्तीन’मधला र जिभेच्या शेंड्याने नको, घशातून हवा. ध्रुवपदातलं ‘स्युई’ (‘मी आहे’मधलं ‘आहे’) एकाच झटक्यात म्हणायचं : जीभ ‘ई’ची, ओठ ‘ऊ’चे. ‘कातँ’ (वेश्या) आणि ‘मँ’ (हात) ही यमकं अनुनासिकावर संपतात. आपल्या सवयीने शेवटी न् किंवा म् लागला की यमक मोडतं, तेव्हा जीभ टाळूला लागू देऊ नका. बोलताना गिळला जाणारा शेवटचा ‘अ’ गाताना ऐकू येतो, म्हणून ‘लि-बेर-ती-न’ असे चार तुकडे मोजून ताल धरा. आवाज वाढवायचा मोह टाळा. ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीला आवाज आणखी कमी झाला तरच गाणं पोचेल.

प्रश्न : याचं मराठी रूपांतर करून चित्रफितीसह चढवायचं आहे. शिवाय फिल्म क्लबात मूळ व्हिडिओ आणि त्याचा पुढचा भाग दाखवायचा आहे. परवानगी लागते? (ठाणे)

दोन्हींसाठी लागते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ३१सी हे कलम कव्हर ध्वनिमुद्रणाला (म्हणजे आधीचं गाणं नव्याने गाऊन केलेल्या मुद्रणाला) वाट देतं, पण पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, शब्द-सुरांत मनमानी बदल नको, आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन द्यावं लागतं. भाषांतर आणि चित्रफीत या कलमात बसत नाहीत. त्यासाठी थेट गाण्याच्या प्रकाशकाकडे लिहायला हवं. पत्रात भाषांतराचा पूर्ण मजकूर, चित्रफितीची लांबी आणि ती कुठे चढवणार ते द्या.

क्लबाचा खेळ सर्वांना खुला असेल तर प्रदर्शनाचे हक्क आणि सेन्सॉर प्रमाणपत्र दोन्ही पाहावे लागतात. खेळ सभासदांपुरता असला तरी हक्कांची चौकशी चुकत नाही, आणि प्रवेश अठरा वर्षांवरील व्यक्तींनाच ठेवा. पुढचा भाग म्हणजे १९८८चं ‘पुरव्यू केल स्वा दूस’. शब्द मिलेनचे, व्हिडिओ जवळपास अठरा मिनिटांचा, राँबुइए जंगलात शेकडो सहकलाकारांसह चित्रित केलेला, काळ अठराव्या शतकातल्या सप्तवार्षिक युद्धाचा. गाणं फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिला भाग जिथे संपतो तिथूनच तो सुरू होतो, म्हणून दोन्ही सलग दाखवा. मध्ये चर्चा ठेवली तर प्रेक्षक शेवट आधीच बोलून टाकतात.