हातच्याच्या वजाबाकीत अडणाऱ्या मुलांसाठी

नव्या सरांना आणि मॅडमना एकच सांगणं आहे, व्हिडिओ लावण्याआधी वही बघा. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं असेल, तर मुलानं ७ मधून २ वजा केलेत. तो आळशी नाही. प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक काढायचा, असा नियम त्यानं मनाशी बांधलाय. त्याच पद्धतीची आणखी दहा गणितं दिलीत तर चूक पक्की होईल.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आइस्क्रीमच्या काड्या आणा. दहा-दहाचे पाच गठ्ठे नि दोन सुट्या. सात सुट्या मागितल्या की गठ्ठा त्यालाच सोडू द्या. तुम्ही सोडलात तर तो नुसता बघत बसेल. आता बारा सुट्या, चार गठ्ठे. हे वहीत लगेच लिहून घ्या.

मोबाइल त्यानंतर. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन करा, पण व्हिडिओ आदल्या रात्री घरीच डाउनलोड करा, वर्गात नेट दगा देतं. एका फोनभोवती चौघांपेक्षा जास्त मुलं नकोत. मागची मुलं, म्हणजे नेमकी अडलेलीच, पडदा बघत नाहीत. मध्येच थांबवून विचारा, “आता सुट्या किती?”

तीन दिवसांनी ६१ − ३८ द्या. मग ४०३ − १५८. मधल्या शून्यापाशी पुन्हा काड्या लागतील.