दुसरं नाटक, अनुदान आणि आमचा ३१ मार्च

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. चार वर्षांचा ग्रुप, पहिल्या नव्या नाटकाचे सत्तावीस प्रयोग, दुसरं नाटक लेखकाकडे अर्धवट, आणि आता एक अनुदान मिळेलसं दिसतंय, पण त्यासाठी प्रयोग ३१ मार्चच्या आत लागला पाहिजे. अनुदान घ्यावं का, मोठ्या थिएटरात जावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'लेखकाला थोडी घाई केली तर चालेल ना?' असंही. त्या शेवटच्या ओळीसाठी हे उत्तर लिहितेय.

नोंदणी, पॅन, बँकेतलं खातं, संहितेसाठी राज्य सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र यात वेळ घालवत नाही. चार वर्षं नाटक करताय, म्हणजे ते झालेलं असणार. मी सीए नाही, वकील नाही. सोळा वर्षं एका छोट्या प्रायोगिक संस्थेत आहे, त्यातली बरीचशी बॅकस्टेजला गेली. खाली कायद्याचं जे येईल ते आमच्या अनुभवापुरतं धरा आणि तुमच्या माणसाला एकदा विचारून घ्या.

आमचीही स्थिती हीच होती. पहिलं नाटक पाच नटांचं, दोन बाकं आणि एक दाराची चौकट. शाळेचा हॉल, वाचनालयाचा हॉल, कुणाच्या तरी गच्चीवर, असे दोन वर्षांत एकतीस प्रयोग झाले. दुसरं नाटक आमच्यातल्याच एका मुलीने लिहायला घेतलं. तोवर तिने करंडक स्पर्धांसाठी एकांकिकाच लिहिल्या होत्या. दोन खर्डे झाले होते. पहिला अंक असा होता की वाचन संपल्यावर कुणी चहाला उठलं नाही. दुसरा अंक अजून सापडायचा होता. तिला ते माहीत होतं आणि तिने चार महिने मागितले होते.

तेवढ्यात मंजुरीचं पत्र आलं. 'अनुदान मंजूर करण्यात येत आहे.' आम्ही त्याची झेरॉक्स काढून तालमीच्या हॉलच्या दारावर चिकटवली, इतके भोळे होतो. अट तुमच्यासारखीच: प्रयोग ३१ मार्चपूर्वी, नंतर बिलं सादर करायची, मग रक्कम. म्हणजे आधी खर्च आपणच करायचा. पहिल्या नाटकातून साठवलेले पैसे होते, पाच जणांनी खिशातून घातले, आणि सेट करायला टाकला. पैसे मंजूर झाले म्हटल्यावर सेटही मोठा झाला. दोन लेव्हल, एक फिरती भिंत. नाटकाला त्या भिंतीची काहीही गरज नव्हती.

लेखिकेला सांगितलं, तीन आठवड्यांत दुसरा अंक दे. सांगणारी मीच होते. तिने दिला. शेवटही लिहिला. त्या शेवटावर तिचाच विश्वास नव्हता. तालमीत ते पान आलं की ती मान खाली घालून बसायची. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण दारावर झेरॉक्स होती.

२४ मार्चला शुभारंभ झाला. नाटक आपटलं असंही म्हणता येणार नाही, कारण आपटायला आवाज तरी होतो. लोक भेटायला आत आले आणि म्हणाले, 'सेट छान होता.' ज्याने कधी नाटक केलंय त्याला याचा अर्थ सांगायला नको. एकूण चार प्रयोग झाले.

आता कार्यालय. कुठलं ते सांगणार नाही, त्याने काही बदलत नाही. बिलांची फाइल घेऊन गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी पहिलंच पान उलटून विचारलं, 'खजिनदार हे कोण?' मी नाव सांगितलं. 'धर्मादायच्या उताऱ्यावर दुसरं नाव आहे.' म्हणजे संस्थेची नोंदणी जिथे असते त्या धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत. आमचा मूळ खजिनदार तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला होता. आम्ही सभा घेतली होती, ठराव केला होता, इतिवृत्तात सगळ्यांच्या सह्या होत्या. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवण्याचा अर्ज, मात्र कुणी भरलाच नव्हता. मी म्हटलं, ठराव आहे की. ते म्हणाले, 'ठराव तुमच्याकडे आहे, मॅडम.'

ही आमची चूक, आणि ती शंभर टक्के आमचीच. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणीत किंवा पत्त्यात बदल झाला की ९० दिवसांत कळवायचं असतं. नोंदणीच्या वेळी सात सह्यांसाठी धावपळ करणारे आपण पुढच्या बदलांना घरगुती समजतो. उशीर झाला की विलंब माफीचा वेगळा अर्ज, त्याच्या तारखा, आणि आमच्या बाबतीत परदेशातल्या माणसाचं संमतिपत्र. त्याने बिचाऱ्याने ते पाठवलं. नोटरीच्या शिक्क्यात काहीतरी कमी म्हणून परत आलं. पुन्हा पाठवलं.

पण अनुदान देणाऱ्या कार्यालयाबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. अर्ज घेताना हाच उतारा त्यांनी माझ्याकडून घेतला होता. तेव्हा नावं जुळवून बघितली असती तर आम्ही तिथेच थांबलो असतो. मी अकरा वेळा गेले. दर वेळी एक नवा कागद. एकदा तीन प्रतींत, एकदा मूळ बिलं, एकदा टेम्पोवाल्याचा जीएसटी क्रमांक! ज्या माणसाने रात्री दीड वाजता आमची फिरती भिंत उतरवून घेतली आणि वर दोनशे रुपये कमीच घेतले, त्याच्याकडे मी जीएसटी क्रमांक मागायचा? सगळी यादी एकदम द्या, एवढंच मी पाचव्या खेपेपासून म्हणत होते. यादी कधीच मिळाली नाही. शेवटी कळलं की ते आर्थिक वर्ष संपलं, तरतूद परत गेली. हे सांगायलाही कुणी फोन केला नाही, मी गेले तेव्हा समजलं.

१ लाख ६० हजारांचा खड्डा. तो भरायला आम्ही दोन गणेशोत्सव सोसायट्यांमधून पाऊण तासाचं विनोदी नाटुकलं केलं. त्याची लाज अजिबात नाही, लोक खूप हसले. पण अडीच वर्षं एकही नवं नाटक उभं राहिलं नाही. आणि त्या मुलीने नंतर आम्हाला काही लिहून दिलं नाही. ती भांडली नाही, प्रयोगांना येते, आली की आवर्जून आत भेटते. दुसऱ्या अंकाबद्दल मात्र आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पैसे भरून निघाले, हे नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: घाई करू नका. जुनं, गाजलेलं नाटक करत असाल तर तारीख आधी ठरवा, हवं तर मांडव आधी घाला. नव्या नाटकाला ते लागू होत नाही. नव्या नाटकात संहिता हाच सगळ्यात महाग भाग आहे, आणि आपण नेमका तोच फुकट आणि लवकर मागतो.

आता आम्ही काय करतो ते सांगते, पटलं तर घ्या. पहिला खर्डा फक्त आपल्यात वाचायचा आणि लेखकाने मध्ये एक अक्षर समजावून सांगायचं नाही. दुसरा खर्डा वीस-पंचवीस लोकांपुढे वाचायचा, त्यात निम्मे तरी नाटकवाले नसलेले. चर्चा होते ती होऊ द्यावी, पण तिच्यावर फार विसंबू नये, वाचनानंतर लोक सभ्यपणे बोलतात. आमच्यातली एक जण मागे बसून कुठल्या पानावर लोक हलायला लागले, कुठे कुणी मोबाइल उलटा करून पाहिला, याची नोंद करते. ती वही चर्चेपेक्षा खरी निघते. तिसरा खर्डा हातात संहिता घेऊन, उभं राहून, चार खुर्च्यांत. यातून टिकलं तरच थिएटरच्या तारखेला हात घालायचा. लेखकाला प्रत्येक खर्ड्याला मानधन, लहान का असेना. नटाला नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, देतो आणि लेखकाला पहिल्या प्रयोगाला नारळ देतो, ही पद्धत आम्ही बंद केली.

पैसे मागायचेच तर या भागासाठी मागा, असं माझं मत आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठी योजना चालवल्या होत्या. लिहिणाऱ्याच्या वेळेला पैसे लागतात हे तेव्हाच कुणाला तरी सुचलं होतं. वाचन, कार्यशाळा, दौऱ्याचा प्रवास यांसाठी मिळालेला पैसा नाटकाच्या गळ्याला तात लावत नाही. शुभारंभाला बांधलेला पैसा लावतो. आमच्याच ग्रुपमधल्या दोघांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तारीख नसेल तर नाटक कधीच होत नाही. त्यात तथ्य आहे. मग तारीख आपण ठरवावी, तिसऱ्या वाचनानंतर.

लेखकाशी लेखी करार केलाय का? पोस्टमध्ये उल्लेख नाही म्हणून विचारते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभर हक्क वापरला नाही की तो निसटतो. दुसरं नाटक दीड वर्ष रेंगाळलं की हे अंगावर येतं. एक पानी कागद पुरतो: किती काळ, कुठे, दर प्रयोगाला किती, आणि ग्रुप फुटला तर नाटक कुणाकडे. शेवटचं लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो. तेच आधी लिहा. 'घाशीराम कोतवाल' पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेने डिसेंबर १९७२ मध्ये आणलं, १९ प्रयोगांनंतर ते संस्थेतच थांबलं, आणि ते करणारी मंडळी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी झाली. तिथे फुटण्यातून मोठं काही निष्पन्न झालं. आपल्याकडे सहसा नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डिलीट होतो.

मोठ्या थिएटरचं म्हणाल तर मला वाटतं नको. निदान या नाटकाला नको. नऊशे खुर्च्यांत एकशेवीस माणसं बसली की नट चौथ्या मिनिटाला ओरडायला लागतात, आणि ती सवय परत छोट्या जागेत आणतात. आविष्कार या प्रायोगिक संस्थेने १९७४ पासून मुंबईत दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये काय काय उभं केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईच्या पृथ्वी थिएटरच्या खुर्च्या तरी किती, दोनशेच्या आसपास. शंभर जागांत पंधरा प्रयोग भरले की सोळाव्याला मोठ्या जागेचा विचार करा. पास मात्र वाटू नका. ओळखीच्यांना सवलत द्या, फुकट नको, कारण फुकट बसलेल्याला दुसऱ्या नाटकाला पैसे काढताना जड जातं. तिकिटावर जीएसटी लागेल ही भीती काही जणांना उगाच असते, तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर तो लागत नाही. दारात एक वही ठेवा, नाव आणि नंबर, कळवलेलं चालेल का हे विचारून. आमचा पुढचा प्रेक्षक पोस्टरपेक्षा त्या वहीतून जास्त आला.

जाता जाता दोन गोष्टी. सेट एका छोट्या टेम्पोत मावला नाही तर तो सेट तुमचा नाही, हे नेपथ्यकाराला पहिल्या भेटीत सांगा. आणि मुख्य दोन भूमिकांना पर्यायी नट तालमीपासूनच बसवा. मालिका मिळाली की तारखा गेल्या, आणि त्या मुलाला दोष देण्यातही अर्थ नाही, घरभाडं त्याला भरायचंय.

अनुदानाचा अर्ज टाकायचाच असं ठरलं तर निदान त्या आधी धर्मादाय कार्यालयातून ताजा उतारा काढा आणि त्यावरची नावं बँकेतल्या सह्यांशी आणि गेल्या सभेच्या ठरावाशी समोरासमोर ठेवून बघा. तुम्ही लिहिलंय की तुमची सचिव गेल्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिच्या जागी कोण आलं आणि ते कळवलंय का? हे आधी सांगा. लेखकाचा दुसरा अंक कुठे अडलाय तेही लिहा, त्यावर बोलायला मला जास्त आवडेल.