वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले, तर ‘टीसा’ लगेच करून घ्यावे का?

आपल्या यजमानांच्या अहवालात शुक्राणू शून्य आले असून डॉक्टरांनी सुईने शुक्राणू काढण्याची, म्हणजे ‘टीसा’ची, तारीख सुचवली आहे आणि ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी वडोदऱ्यात एका वंध्यत्व केंद्रात भ्रूणतज्ज्ञ आहे. माझे मत असे की, शून्य कशामुळे आले हे कळेपर्यंत तारीख घेऊ नये.

आधी दुसरा नमुना द्यावा आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासून घ्यावा, कारण कधी कधी तेवढ्यातच मोजके शुक्राणू सापडतात. त्यानंतर वृषणांची हाताने तपासणी आणि रक्तातील एफएसएच (शुक्राणू बनवण्याचा संदेश वृषणांना देणारे संप्रेरक) व टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक) पाहावे. व्यायामशाळेत कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली असतील, तर ते न लाजता सांगावे. त्यानेच शुक्राणूंची निर्मिती थांबते आणि इंजेक्शने बंद केल्यावर बहुधा काही महिन्यांत परत सुरू होते.

वृषणांचा आकार व एफएसएच सामान्य असेल, तर बहुधा वाट अडलेली असते: नसबंदी, जुना संसर्ग किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी नसणे. अशा वेळी सुईने जवळजवळ नेहमीच शुक्राणू मिळतात. (शुक्रवाहिनी जन्मतः नसेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकासाठी आपलीही तपासणी व्हावी.) वृषणे लहान आणि एफएसएच वाढलेले असेल, तर मात्र निर्मितीच तुटपुंजी असते. शुक्राणू बनतात ती ठिकाणे विखुरलेली असल्याने आंधळेपणाने घातलेली सुई ती चुकवू शकते. त्यासाठी ‘मायक्रो-टीसे’ ही शस्त्रक्रिया आहे. न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी 1999 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली फुगीर, पांढुरक्या नलिका वेचतात. तरीही साधारण निम्म्याच रुग्णांत शुक्राणू मिळतात. त्याआधी गुणसूत्रे व वाय गुणसूत्राची तपासणी अवश्य करावी, कारण त्यातील एझेडएफ-ए किंवा बी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रिया करू नये.

आमच्याकडे आलेला ऊतीचा तुकडा आम्ही दोन सुयांनी पिंजतो आणि थेंबाथेंबात, कधी कित्येक तास, शेपटी हलते का ते शोधतो. सापडलेला एकेक शुक्राणू इक्सीने, म्हणजे बारीक सुईने थेट, स्त्रीबीजात सोडावा लागतो. पुढचे यश बरेचसे आपल्या वयावर अवलंबून असते.

इथल्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतूनही सूनबाईच्या सर्व तपासण्या आटोपल्यावरच मुलाचा नमुना येतो, याचे मला फार वाईट वाटते. निर्मितीचा दोष असेल, तर स्त्रीबीजे वाढवण्याची आपली इंजेक्शने सुरू होण्याआधीच शुक्राणू काढून गोठवता येतील का, आणि स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशीच शुक्राणू काढायचे ठरले व काही मिळाले नाही, तर स्त्रीबीजे गोठवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच लेखी ठरवून घ्यावे.