पॉलिमरला जायचंय, पण कॉलेज कुठलं?

"मावशी, मी गोव्यातल्या डिचोलीची. बारावी झाली, जेईईही दिली. मला पॉलिमर इंजिनिअरिंग, म्हणजे प्लास्टिक-रबरचं इंजिनिअरिंग करायचंय. बाबा म्हणतात, प्लास्टिकवर बंदी येतेय, ते शिकून काय करणार? काका म्हणतात, फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मिळेल ते घे, घरून ये-जा होईल. बाहेरचं एक खासगी कॉलेज शंभर टक्के प्लेसमेंट सांगतंय. काय करू?"

बाळ, आधी बाबांची शंका. १ जुलै २०२२ ची बंदी स्ट्रॉ, चमचे, प्लेट अशा एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर आहे. सलाईनची बाटली, वायरचं आवरण, गाडीचा बंपर हे सगळं चालूच राहणार. आणि कचऱ्याची चिंता वाटत असेल तर मग याच शाखेत जा! खाऊच्या अनेक पाकिटांत पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिथीनचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सहजी सुटत नाहीत, त्यामुळे साळगावसारख्या कचरा प्रकल्पात वेगळी काढली तरी त्या पाकिटांचं पुन्हा चांगलं प्लास्टिक करणं फार अवघड. एकाच जातीच्या प्लास्टिकचं, तरीही खाऊ कुरकुरीत ठेवणारं पाकीट कोण बनवणार? तुझ्यासारख्या मुलीच.

फर्मागुडीला ही शाखा नाही. पण तिथे मेकॅनिकल करून एम.टेक.ला पॉलिमर घेता येतं, गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे. घरी पैशांची ओढाताण असेल तर हा रस्ता मला मनापासून चांगला वाटतो.

बाहेर जायचंच असेल, तर तुझा ओढा कुठे आहे ते बघ. केमिस्ट्रीत रमत असशील तर मुंबईची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी, किंवा नागपूरची एलआयटी, दोन्ही केमिकल तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्था. आयसीटीत तीस टक्के जागा जेईईवर देशभरातल्या मुलांसाठी असतात, तू गोव्याची, म्हणून तुझी दावेदारी त्यातच. साचे आणि मशीन यांत जीव रमत असेल तर सिपेट. ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था १९६८ साली चेन्नईत सुरू झाली. तिच्या काही केंद्रांत बी.टेक. आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी डिप्लोमा, तेव्हा कुठल्या केंद्रात काय ते नीट बघ.

आता ते खासगी कॉलेज. माहितीपत्रक बाजूला ठेव आणि कामाच्या दिवशी तिथे जा. इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणारं) आणि एक्स्ट्रुडर (त्याचे पाइप, पत्रे काढणारं) खरंच चालू असतात का? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार, साचा स्वतःच्या हाताने चढवलाय का, मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचं माप, स्वतः काढलाय का. "सर दाखवतात, आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर फी भरू नकोस. प्लेसमेंटची यादी फक्त पॉलिमर शाखेची माग, कंपनी आणि हुद्द्यासकट. पूर्ण कॉलेजचा आकडा तुझ्या काहीच कामाचा नाही.

फॉर्म भरण्याआधी बाबांना घेऊन कुंडई किंवा वेर्ण्याच्या वसाहतीत प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात जा. उसगावला टायर बनतात, रबरही पॉलिमरच. तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजरला सरळ विचार, "तुम्ही कुठल्या कॉलेजची मुलं घेता, आणि का?"