जमेचा रकाना

१७ जानेवारी २०२१

बाळा,

परवा फोनवर तू मधेच गप्प झालीस. "मॅडम, मालमत्ता कराचा अंदाज पुन्हा वाढवून मागितलाय, आता कशाच्या आधारावर वाढवू?" एवढं म्हणालीस आणि मग माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलीस. मी तेव्हा विषय लांबवला नाही, कारण बोलले असते तर चिडून बोलले असते. आज रविवार आहे, हाताशी वेळ आहे. तूही सावकाश वाच.

तू प्रामाणिक आहेस वगैरे लिहीत बसत नाही. तशी नसतीस तर तुला हा प्रश्नच पडला नसता. दुसऱ्या कोणी मागच्या वर्षाच्या आकड्यावर दहा टक्के चढवून फाईल वर पाठवली असती आणि वेळेत घर गाठलं असतं. मला बोलायचंय ते महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या जमेच्या, म्हणजे येणाऱ्या पैशांच्या रकान्याबद्दल. खर्चाची बाजू लिहायला सगळं ऑफिस बसलंय, प्रत्येक खात्याची मागणी तयारच असते. २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात तुझ्या हातात जमेची बाजू आहे. ती खरी लिही.

"पैसे नाही आले तर कामं होणार नाहीत, त्यात कुणाचं काय बिघडतं," असं तुला सांगितलं गेलंय. मलाही हेच सांगितलं जायचं आणि बरीच वर्षं मला ते पटतही होतं. नीट बघ. महापालिकेला नोटा छापता येत नाहीत. शंभर रुपये जमा दाखवली आणि सत्तर आले, तर तीस रुपयांची कात्री लागणारच. ती कोण लावणार आणि कशाला लावणार, एवढाच प्रश्न उरतो. पगार, पेन्शन, पाणी उपशाचं वीजबिल, कर्जाचे हप्ते यांना हात लावता येत नाही. मोठ्या रस्त्याची वर्कऑर्डर निघालेली असते. मग राहतं काय? औषधं, फवारणी, हातमोजे, रुग्णवाहिकेची दुरुस्ती, शाळेतल्या टाक्यांची सफाई. ही कात्री सभागृहात लागत नाही, त्यावर चर्चा होत नाही, ती पेपरात छापून येत नाही. ती मार्चमध्ये बिल सेक्शनच्या खिडकीत लागते. ज्याच्यासाठी वरून फोन येतो त्याचं बिल निघतं, बाकीच्यांचं 'पुढच्या वर्षी बघू'. खोटी जमा म्हणजे कुणालाही न विचारता केलेली काटछाट, आणि ती नेहमी सगळ्यात गरिबाच्या ताटातून होते.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये मी स्वतः असा रकाना भरलाय. २००८ च्या मंदीने बांधकामं थंडावली होती, विकास शुल्क घसरत होतं, जकात नाक्यांवरचे रोजचे आकडे माझ्या टेबलावर येत होते. मला दिसत होतं. वरून चिठ्ठीवर आकडा आला. मी पेन्सिलने लिहिलेला माझा आकडा खोडला आणि तो शाईने लिहिला. अंदाजपत्रक थाटात मंजूर झालं. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू आला. आरोग्य खात्याने मास्क आणि औषधांची मागणी पाठवली. मी रजिस्टर उघडलं तर तरतूद होती, पूर्ण शिल्लक होती. तिजोरीत पैसे नव्हते. ज्या पुरवठादाराकडून माल यायचा त्याची आधीची दोन बिलं आमच्याकडेच अडकली होती. तो माणूस कापडी पिशवीत बिलांच्या झेरॉक्स घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला माल द्यायचाय हो, पण मलाच कुणी उधार देत नाही." त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यातल्या नर्स ओढण्या आणि रुमाल बांधून काम करत होत्या. त्यांतल्या दोघी पुढे तापाने पडल्या. बऱ्या झाल्या, देवाची कृपा. पण माझ्या शाईच्या आकड्याचा आणि त्या रुमालांचा संबंध मला तेव्हाच लागला, तो आजवर सुटलेला नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं का? मुलं लहान होती, पदोन्नतीची फाईल फिरत होती, आणि खरं सांगायचं तर नाही कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पण थोडं कारण म्हणूनही सांगते, कारण माझ्या मागून येणाऱ्यांनी मला 'हट्टी बाई' म्हटलं ते त्यानंतर. पुढच्या वर्षापासून महिनावार वसुलीचा तक्ता जोडल्याशिवाय मी जमेच्या एकाही पानावर सही केली नाही. मला दोनदा दुसऱ्या खात्यात हलवलं. एकदा तर भांडार विभागात, जिथे चार वर्षं मी खुर्च्या मोजल्या. मला ते टोचलं होतं. पण आज पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन.

आता तुझ्या तक्त्याकडे वळते. तू २०१९-२० चं प्रत्यक्ष उत्पन्न पाया म्हणून धरलंयस. ते पहिल्यांदा सोड. मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे आपला करवसुलीचा सुगीचा काळ, हे तुला सांगायला नको. गेल्या वर्षी २२ मार्चला जनता कर्फ्यू आणि २५ पासून देशभर टाळेबंदी, म्हणजे नेमका तो आठवडा हातातून गेला. २०२०-२१ ची पहिली तिमाही तर गेलीच. शेवटचं धड वर्ष २०१८-१९. पाया तिथला घे आणि तिथून खाली ये. वर जायचा विचार आत्ता नको.

मालमत्ता कराच्या मागणीत, म्हणजे लोकांकडून येणं असलेल्या रकमेत, चालू आणि थकबाकी वेगळी कर. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत जाते, त्यामुळे मागणीचा आकडा दरवर्षी आपोआप फुगतो आणि साहेबांना वाटतं एवढे पैसे बाहेर पडून आहेत. त्यात कोर्टातली प्रकरणं किती, दुबार नोंदी किती, मोबाइल टॉवर किती, पाडलेल्या इमारती किती, हे कर विभागाकडून लेखी माग. बिगरनिवासी मिळकती निराळ्या काढ. चित्रपटगृहं नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडली आहेत, मंगल कार्यालयं आणि हॉटेलं अजून सावरलेली नाहीत. त्यांच्याकडून घरांच्या प्रमाणात वसुली होईल असं धरू नकोस. आणि अभय योजनेत शास्ती माफ करून जे आलं ते पुढच्या वर्षाच्या पायात मिसळायचं नाही. ती एकदाच आलेली रक्कम आहे. शिवाय त्या योजनेने वेळेवर भरणाऱ्याला हेही शिकवलंय की थांबलं तर फायदा होतो. याचा फटका एप्रिलनंतर दिसेल.

घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कासोबत येणारा आपला १ टक्का अधिभार डिसेंबरात चांगला आला म्हणून तुझ्या खात्यात सगळे खूश आहेत. का आला ते बघ. सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर ३ टक्क्यांची सवलत दिली, आता मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांची आहे. जे घर लोक पुढच्या वर्षी घेणार होते ते त्यांनी आत्ता घेतलं. डिसेंबरच्या आकड्याला बाराने गुणायचा मोह तुझ्या वरिष्ठांना होणार, हे मी लिहून देते. बांधकाम परवान्यांचंही तेच. डिसेंबरात नवी एकत्रित नियमावली आली, या महिन्यात बिल्डरांनी परवानगीसाठी भरायच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत जाहीर झाली, तीही ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतच. बिल्डरांची रांग लागेल, पैसे येतील, पण निम्म्या दराने, आणि जानेवारी ते मार्च २०२२ या तिमाहीत रांग आटेल. वर्ष चार तुकड्यांत मांड, मग तुलाच दिसेल.

जकातीसारखे कर गेले त्यांच्या बदल्यात राज्याकडून मिळणारं जीएसटीचं अनुदान त्यातल्या त्यात भरवशाचं, कारण त्याला २०१७ च्या कायद्याचा आधार आहे. बाकी राज्याची अनुदानं आदेश हातात पडेपर्यंत शून्य धर. गेल्या ४ मे ला राज्याने स्वतःचा विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला होता. ज्याची स्वतःची चूल जेमतेम पेटतेय त्याच्या भरवशावर आपण पाहुणे बोलवायचे नाहीत.

खर्चाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी एक सांगते. कोविडचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं वेगळं खातं, बंद करायचा प्रस्ताव आलाय म्हणालीस. काल लसीकरण सुरू झालं, आनंद मलाही झाला, टीव्हीसमोर बसून मी रडले. पण मुंबईत १८९६ ला आलेला प्लेग एका वर्षात गेला नाही, तो वर्षानुवर्षं परत येत राहिला. १९१८ च्या फ्लूच्या तापाची पहिली लाट सौम्य होती, माणसं मारली ती पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेने. ते लेखाशीर्ष उघडं राहू दे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत आपला प्रत्यक्ष खर्च किती झाला तो काढ, आणि तेवढी रक्कम ठेवीच्या रूपात, खरीखुरी, बाजूला असल्याचं दाखव. नुसती तरतूद नको. तरतूद आणि पैसे यांतला फरक मी तुला वर सांगितलाय. आपत्ती निधीतून जिल्हाधिकाऱ्यांकडून जे येईल त्याचा हिशेब वेगळा ठेव. तातडीच्या अधिकारात झालेल्या खरेदीचे कागद आत्ताच जुळव, लेखापरीक्षण दोन वर्षांनी येईल तेव्हा यातलं कुणी त्या खुर्चीवर नसेल.

कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ठेकेदारांच्या अनामती यांच्याकडे कुणी बोट दाखवलं तर ऐकूनच घेऊ नकोस. 'तात्पुरते वळवू, मार्चमध्ये भरू' हे वाक्य मी तीन आयुक्तांच्या काळात ऐकलं. ते मार्च कधी आले नाहीत.

निवडणुका पुढे गेल्याने तुमच्याकडे प्रशासक आहेत. आम्हाला निदान म्हणायची सोय होती की स्थायी समितीने आकडा वाढवला, नगरसेवकांना प्रभागात कामं दाखवायची होती. यंदा तुमच्याकडे ती सोय नाही. जो आकडा छापला जाईल तो अधिकाऱ्यांचा असेल, आणि त्याच्या मुळाशी तुझा तक्ता असेल. याने तुला भीती वाटत असेल तर वाटू दे. मला २००९ ला ती वाटली नाही, तिथेच चुकलं.

तू म्हणशील, मॅडम, खरी जमा लिहिली तर अंदाजपत्रक लहान दिसेल, साहेब म्हणतील शहराची पत जाते. दिसू दे लहान. लहान अंदाजपत्रकात काय कापायचं ते फेब्रुवारीत, उजेडात, टेबलावर ठरतं. चौकाचं सुशोभीकरण नको, दवाखान्याची ऑक्सिजनची पाइपलाइन हवी, असं कुणाला तरी तोंडाने म्हणावं लागतं आणि त्याखाली सही करावी लागते. फुगवलेल्या अंदाजपत्रकात दोन्ही छापलेले असतात, आणि मार्चमध्ये चौकात कारंजं उभं राहतं. मी असं कारंजं बघितलंय. रोज त्याच्यावरून ऑफिसला जात होते.

साहेबांशी वाद घालू नकोस, तुझ्या स्वभावात ते नाही आणि त्याची गरजही नाही. दोन तक्ते ने. एकात तुझा अंदाज, महिनावार, आधारासकट. दुसऱ्यात त्यांनी सांगितलेला आकडा, आणि त्याच्यासमोर तो गाठायला दरमहा किती वसुली लागेल ते. दुसरा तक्ता त्यांच्यासमोर ठेव आणि गप्प बस. त्यांनी तरी वरचाच आकडा घ्यायचा म्हटलं, तर तसा लेखी शेरा फाईलवर माग. नम्रपणे माग, पण माग. शेरा मागितल्यावर बरेच आकडे खाली येतात, हे मी भांडारातून परत आल्यावर शिकले.

मंगळवारी बैठक आहे ना? उद्या संध्याकाळपर्यंत महिनावार तक्ता मला व्हॉट्सॲपवर पाठव, जसा असेल तसा, खाडाखोड असली तरी चालेल. रात्री अकरापर्यंत मी जागी असते. २०१८-१९ चे मार्चचे दिवसवार आकडे कर विभाग देत नसेल तर तेही सांग. माझ्या जुन्या वहीत काही वर्षांचे उतरवलेले आहेत, त्यावरून मार्चची चढण कशी असते ते तरी कळेल.

तुझी,
मॅडम