इंदूरमधल्या नववी-दहावीच्या मराठी मुलांना फौजदारी न्यायव्यवस्था कशी समजवावी?

कलमांपासून सुरुवात करू नका. एक साधी घटना घ्या: राजवाड्याजवळून कोणाची तरी दुचाकी चोरीला गेली. आता ही फिर्याद कुठून कुठे जाते ते मुलांना सांगा.

आधी ठाण्यात एफआयआर. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी ती नोंदवावीच लागते आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते. संशयिताला अटक झाली, की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. इथे जरा थांबा. ‘पोलिसांनी पकडला म्हणजे चोरच’ हा समज मुलांच्याच काय, मोठ्यांच्या मनातही घट्ट बसलेला असतो. पोलीस फक्त तपास करतात, दोषी कोण हे न्यायाधीश ठरवतात. आरोपीला वकील परवडत नसेल, तर सरकारी खर्चाने मिळतो. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पुढे आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल, अपील. उच्च न्यायालयाचं खंडपीठ तर इंदूरमध्येच आहे.

जुनी पुस्तकं मात्र वापरू नका. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे.

आणि परवानगी काढून मुलांना जिल्हा न्यायालयात एकदा तरी न्याच. सुनावणी सहसा खुलीच असते.